बॅटरी पालव

सिंगापूरची बॅग भरत होते तेव्हा बाबांनी माळ्यावरून आपली तीन सेलची बॅटरी काढून आणली. पत्र्याची, जुनी, बटणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. म्हटलं, ही कशाला?

"रात्रीचे प्राणी बघायला जायचंय म्हणालीस ना?"

"हो, पण तिकडे लाइट असतात."

"लाइट असतात तर मग रात्र कसली?" असं म्हणून त्यांनी ती बनियनमध्ये गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली. विमानतळावर तीच बॅग उघडायला लावली, हे सांगायला नकोच.

आमचं माहेर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग, वर डोंगराला काजूचं भाट. बाबांनी चाळीसेक वर्षं तिथे रात्रीची राखण केली. केळीत गवे शिरतात, भातात रानडुकरं, काजूच्या हंगामात बोंडवांच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, वासाने तर काय वाटेल ते येतं. खोपीत बसायचं, आवाज झाला की बॅटरी मारायची, डबा बडवायचा, एखादा फटाका लावायचा. रात्रीच्या जनावरांशी त्यांचा संबंध एवढाच. दोन हिरवे डोळे, नाहीतर पळणारी पाठ.

भाऊ गेली सहा वर्षं सिंगापुरात आहे, यिशूनला राहतो. आई गेल्यापासून तो बाबांना बोलावत होता. नाताळच्या सुट्टीत मी, माझी लेक मनवा आणि बाबा असे निघालो. नवऱ्याला सुट्टी नाही. अर्थात त्याला कधीच नसते. नाइट सफारीचा हट्ट मनवाचा. शाळेच्या सहलीत ती बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात गेली होती. दुपारी बारा वाजता सगळे प्राणी सावलीत आडवे, बिबट्याचं नुसतं शेपूट दिसलं, अस्वल दिसलंच नाही. "ते रात्री उठतात," असं बाईंनी सांगितलं आणि सहल पाचच्या आत परत आली. मग रात्रीचं प्राणिसंग्रहालय का नाही, हा तिचा प्रश्न रास्तच होता.

सिंगापुरात ते 1994 पासून आहे, आणि केवळ रात्रीसाठी म्हणून बांधलेलं जगातलं ते पहिलं. मंडाई भागात, जंगलाला लागून, 35 हेक्टर जागेत. शेजारीच दिवसाचं प्राणिसंग्रहालय आहे, ते 1973 चं. दोन्ही शेजारी असल्यामुळेच माझी फजिती झाली. शहाणपणा करून मी तिकिटं गोव्यातूनच, एका एजंटाकडून काढली होती. भावाने आदल्या संध्याकाळी ती उघडून बघितली आणि म्हणाला, "ताई, ही दिवसाच्या झूची आहेत." तारीख दुसऱ्याच दिवसाची, पैसे परत नाहीत. एजंटाला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, झू म्हटलं की आम्ही तेच देतो." भावाने मुकाट्याने नवी तिकिटं काढली आणि पुढचे चार दिवस प्रत्येक जेवणाला मला त्याची आठवण करून दिली. तुम्ही जाणार असाल तर तिकिटावरचं नाव आणि आत शिरायची वेळ, दोन्ही नीट वाचा. आत सोडतात ते वेळेच्या गटांनी.

आमची वेळ सव्वासातची, म्हणजे दार उघडतं तीच. यिशूनहून एक स्टेशन गाडीने खातिबला, तिथून मंडाईची बस. बसमधून उतरलो तेव्हा अजून संधिप्रकाश होता. विषुववृत्ताला इतकं जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्य सातच्या आसपासच मावळतो. आपल्याकडे डिसेंबरात सहा वाजून गेले की दिवे लावावे लागतात, जूनमध्ये सातपर्यंत उजेड, तसं नाही. रांगेत असताना घरी राखणीला ठेवलेल्या बाळूकाकांचा फोन आला. पंप सुरू होत नव्हता. बाबा म्हणाले, "उद्या बघ, आता काळोखात कुठे जातोस?" पलीकडून काका ओरडले, "काळोख कसला? हांगा अजून वोत आसा!" अडीच तासांचा फरक. आमच्या घरी तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि कुळागरात ऊन होतं. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी रांगेतल्या एका तमिळ गृहस्थांनाही ती हिंदीत समजावून सांगितली.

आणि मग पाऊस. डिसेंबरात तिथे पाऊस असतो हे भावाने सांगितलं होतं, पण आपला पाऊस जूनचा, त्यामुळे ते कानामागे टाकलं होतं. पाऊण तास छपराखाली उभे होतो. विजांमुळे प्राण्यांचा खेळ रद्द झाल्याची घोषणा झाली आणि मनवाचं तोंड उतरलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. त्या खेळाच्या जागेत तीन-चारशे माणसं चिप्स खात बसली होती.

पाऊस ओसरल्यावर सगळी गर्दी ट्रामच्या रांगेत धावली, आम्हीही. ही चूक. ट्राम चाळीसेक मिनिटांची फेरी मारते. पहिल्या तासात तिच्यासाठी तेवढंच थांबावं लागतं. पायवाटा तेव्हा मोकळ्या असतात. आधी चालून घ्या, ट्राम नंतर. आम्हाला हे कळलं तेव्हा रांगेत निम्मं अंतर कापून झालं होतं, मग सोडवेना.

ट्रामला भिंती नाहीत, काचा नाहीत. इंग्रजीत हळू आवाजात माहिती चालू असते. हिमालयापासून सुरुवात होते, मग भारतीय उपखंड, असे जगाचे सहा तुकडे करून प्राणी ठेवलेत. पहिल्या वळणावर बाबांनी मान वर करून आकाशात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"आज पुनव आहे काय रे?"

"नाही बाबा."

"मग हे चांदणं कुठलं?"

वर ढग होते. खाली मात्र जमिनीवर पानांच्या सावल्या पडल्या होत्या, ओल्या गवतावर निळसर पांढरा उजेड सांडलेला. भावाने दाखवलं तेव्हा कळलं, दिवे उंच झाडांत पानांआड लपवलेत. सायमन कॉर्डर नावाच्या ब्रिटिश प्रकाशयोजनाकाराचं हे काम. नाटकाच्या दिव्यांचा माणूस तो, त्यामुळे उजेड दिसला पाहिजे आणि दिवा दिसता कामा नये हे त्याच्या हातात मुरलेलं असणार. आमच्या गावात अजून दशावतार होतात, तिथे ट्यूबलाइट सरळ संकासुराच्या तोंडावर असते. बाबा बराच वेळ प्राणी सोडून दिवेच शोधत होते. एक सापडला की मला कोपराने ढोसायचे.

कुंपण कुठेच दिसत नाही. खंदक खोदलेत, पण झुडपांनी झाकलेले. एका ठिकाणी रस्त्यावरून जाताना चाकांचा खडखडाट झाला आणि बाबा वाकून बघायला लागले. रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या, मध्ये फटी. खुराच्या जनावराला फटीत पाय जाईल याची भीती वाटते, म्हणून ते त्यावर पाऊल टाकत नाही. गाडी मात्र जाते. "हे आपल्या बांधाच्या तोंडाला घालायला हवं होतं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "गवा उडी मारील तो वेगळा."

त्या खुरवाल्यांपैकीच एक मेरू, म्हणजे आपलं सांबर, ट्रामपासून हात-दोन हातांवर उभं होतं. चालू असलेलं चरणं त्याने थांबवलं नाही. घरी रात्री भाटात मेरू आला की एकदाच 'ढँक' करून ओरडतो आणि मग जंगल मोडत गेल्याचा आवाज येतो. इथे त्याचे कान दिसत होते, कानांवरचे केस दिसत होते, जबडा डावी-उजवीकडे फिरत होता. बाबा काही बोलले नाहीत. पुढे सिंह आला, आशियाई, म्हणजे गीरच्या जातीचा. या जातीचे मोकळे सिंह जगात फक्त गीरच्या परिसरात आहेत. तो उताणा झोपला होता. रात्री तरी उठायचं, असं मनवा म्हणाली.

टापीर नावाचा प्राणी मी आधी पाहिला नव्हता. पुढचा भाग काळा, मधला पाठपोटाचा भाग पांढरा, पाय पुन्हा काळे, नाक खाली लोंबणारं. दिवसा चित्रात बघितलं तर एखाद्याने गंमत म्हणून रंगवल्यासारखं वाटतं. काळोखात त्याचा काळा भाग नाहीसाच होतो आणि नुसता एक फिकट गोळा उरतो, एखादा धोंडा पडल्यासारखा. डोकं कुठे आणि पाय कुठे हे वाघाला कळू नये म्हणून ती सोय. आम्हालाही कळलं नाही. धोंडा चालायला लागला तेव्हा कळलं.

ट्राममधून उतरून मासेमार मांजरांच्या वाटेला लागलो आणि बाबांनी खांद्यावरच्या पिशवीतून बॅटरी काढली. झाडीत कुठेतरी खसफस झाली होती. चाळीस वर्षांची सवय, अंगठा आपोआप बटणावर गेला. पिवळा झोत पानांवर पडला आणि तेवढ्यात वळणावरून तिथली एक पोरगी धावत आली. "अंकल, नो टॉर्च प्लीज, अंकल." तिकडे वयस्क माणसाला सगळे अंकलच म्हणतात, टॅक्सीवाल्यालासुद्धा. बाबा ओशाळले, पण अंकल म्हटल्याने थोडे सुखावलेही. मनवाने त्यांची बाही ओढली. "आजोबा, बॅटरी पालव." पालव म्हणजे विझव, हा शब्द त्यांच्याकडूनच ती शिकली होती, खोपीत, गेल्या मे महिन्यात.

बॅटरी विझल्यावर तर काहीच दिसेना. वाट कुठे, कठडा कुठे, काही नाही. भाऊ म्हणाला, थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या. काळोखात बघणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइल उघडला की केलेलं सगळं पाण्यात. ट्राममध्ये मी चारदा मोबाइल काढला होता, प्रत्येक फोटोत नुसता काळा चौकोन. तो बंद करून पर्समध्ये टाकला. हळूहळू वाट वर आली. मग कठडा, मग कठड्यावरचं ओलं पान. बाबांची चालही बदलली. घरी बॅटरी पुढे धरून चालताना ते झोताच्या मागे भरभर जातात. इथे पाय टेकवून, थांबून, पुन्हा टेकवून. पुढे एक पिसोरी वाटेच्या कडेला उभी होती, सशाएवढं हरीण, पाय पेन्सिलीसारखे. आपल्या सह्याद्रीतही असते. आम्ही ती नुसती ऐकून माहीत असलेली.

मासेमार मांजर पाण्याच्या काठावर बसलं होतं. गोव्यात ते नाही. बंगालकडे, सुंदरबनात आहे. पाण्याकडे नाक, पाठ गोल, एक पंजा किंचित उचललेला. आम्ही बघत होतो तोवर त्याने काही धरलं नाही. गर्दी यायची, अर्ध्या मिनिटात कंटाळून जायची. बाबा दहा मिनिटं उभे होते. "हा राखणीला बसलाय," एवढंच म्हणाले.

खवले मांजरापाशी मात्र आमचा अर्धा तास गेला.

सुरुवातीला तिथे मातीचा उंचवटा आणि लाकूड एवढंच दिसलं. मग लाकडाचा एक भाग हलला. ते लाकडामागून बाहेर आलं आणि चालायला लागलं, आणि चालणं असं की मनवा हसायलाच लागली. मागच्या दोन पायांवर भार, पुढचे पंजे छातीशी आत दुमडलेले, जणू हातात काहीतरी जपून नेतंय. म्हातारा माणूस धोतराचा सोगा धरून ओल्या अंगणातून जातो तसं. शेपूट मागे तोल सांभाळायला. थांबलं, जमीन हुंगली, एक पंजा उघडला, नखं मातीत घातली. नखं केवढी! जिभेची एक ओली रेघ क्षणभर चमकली आणि आत गेली. दात नसतात त्याला, मुंग्या-वाळवी सगळी त्या जिभेवर. खवल्यांवर ते वरचं खोटं चांदणं पडलं होतं आणि ते वळलं की खवले एकावर एक सरकताना दिसत. मी कान देऊन बघितलं, आवाज येतो का. येत होता, सुक्या पानांसारखा, किंवा मला तसं वाटलं.

हे सुंदा जातीचं, आग्नेय आशियातलं. आपलं भारतीय खवले मांजर थोडं मोठं, खवलेही मोठे. खवल्यांच्या चोरट्या व्यापाराने दोन्ही जाती संपत आल्यात. 2016 साली आंतरराष्ट्रीय परिषदेत सगळ्याच खवले मांजरांचा व्यापार बंद करायचं ठरलं. आपल्याकडे तर ते वाघाच्या बरोबरीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. हे मी नंतर भावाला सांगत होते. बाबा ऐकत होते की नाही, माहीत नाही.

ते कठड्यावर कोपरं टेकून उभे होते. मग म्हणाले, "मी हे दोनदा बघितलंय. दोन्ही वेळा चेंडू."

मी गप्प राहिले.

"बॅटरी मारली की ते गोळा होतं. मग कितीही वेळ थांबा, उघडत नाही. एकदा तुझा जन्म व्हायच्या आधी, पोरांनी पोत्यात घालून नेलं. मी नको म्हणालो नव्हतो." थोड्या वेळाने, "तोंड असं असतं होय त्याला."

खवले मांजर तोवर उंचवट्याच्या पलीकडे गेलं होतं. आम्ही तिथेच थांबलो. ते परत आलं, तीच चाल, तीच वाट, आणि पुन्हा गेलं. सारखं त्याच वाटेने जाणं मला फारसं बरं वाटलं नाही. ती जागा त्याला लहान आहे असं वाटून गेलं. पण बाबांना तिथून हलवणं जड गेलं, हेही खरं.

बिबट्याचं फार सांगत नाही. काचेपलीकडे येरझाऱ्या घालत होता, काचेअलीकडे चाळीस माणसं. आमच्या गावात रात्रीच्या वेळी त्याचं नाव घेत नाहीत, 'मोठं जनावर' म्हणतात. एकाने नको नको म्हणत असताना फ्लॅश मारला आणि काचेवरून तो त्याच्याच डोळ्यात परत आला.

त्याच वाटेवर पुढे एक जाळीचा मोठा पिंजरा आहे, आपण आत शिरायचं. लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि आत फळं खाणारी वटवाघळं मोकळी. डोक्याएवढ्या उंचीवर लटकलेली. मनवा दारातच थांबली. मीही फारशी पुढे सरकले नाही. बाबा थेट जाऊन एकीच्या समोर उभे राहिले. मध्ये वीतभर अंतर असेल. तिने एका पायाने फांदी धरली होती आणि दुसऱ्या पायाने पपईची फोड. फोड तोंडाशी नेऊन ती चावायची, चोखायची, चोथा खाली टाकायची. तोंड कुत्र्याच्या पिल्लाचं, ओले काळे डोळे, आणि ते बाबांवरच लावलेले. काजूच्या दिवसांत हिच्याच भावंडांसाठी बाबांनी रात्र-रात्र डबे बडवले होते. तिने एक पंख उघडला, अंगाभोवती घट्ट ओढला आणि पुन्हा पपईकडे वळली.

"बघ, थंडी वाजते तिला," बाबा म्हणाले. थंडी कसली, घामाने आमचे कपडे अंगाला चिकटले होते.

बाहेर पडेपर्यंत साडेअकरा. टॅक्सीची रांग लांब, भावाच्या मोबाइलवर गाडी मिळायला पंचवीस मिनिटं. मनवा माझ्या मांडीवर झोपली. बाबा पुढच्या सीटवर बॅटरी मांडीवर घेऊन बसले होते. अर्ध्या रस्त्यात एकदा विचारलं, "गवा नव्हता ना कुठे?" आम्हाला तरी दिसला नाही. गोव्याचा राज्यप्राणी नसलेलं प्राणिसंग्रहालय म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मार्चअखेर आम्ही दोघी माहेरी गेलो. काजूचा हंगाम भरात, भाटभर बोंडवांचा आंबूस वास. रात्री जेवणं झाल्यावर बाबा आम्हाला खोपीवर घेऊन गेले आणि बसल्याबरोबर म्हणाले, "बॅटरी पालव." बसलो. वीस मिनिटं म्हणे थांबायचं; हे आता ते सगळ्यांना सांगतात. पंधराव्या मिनिटाला डासांनी मनवाला हैराण केलं, मी ओडोमॉस विसरले होते. वर फांद्यांत फडफड चालू होती, काहीतरी येत होतं, तोडत होतं, जात होतं. आकाशाच्या तुकड्यावर एकदा पंखाचा आकार दिसला, बस. बाबांनी डबा उचलला नाही.

सकाळी त्यांनी मनवाला टोपली देऊन खालच्या आंब्याखाली पाठवलं. वटवाघळं बोंडू बीसकट उचलून नेतात, आंब्यावर लटकून खातात आणि बी खाली टाकतात. तिने एकशे अठ्ठावीस बिया मोजून आणल्या, काहींना अजून चोथा चिकटलेला. बाबांनी त्या वेगळ्या सुकत घातल्या आणि बाळूकाकांना सांगितलं की ह्यांचे पैसे पोरीचे.